आठ मिनिटांतला एक फोन

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर हसणाऱ्यांतली मी. या सदरातले अनुभव चहा पिता पिता वाचायचे आणि प्रत्येकाचं काहीतरी साधं कारण शोधून काढायचं, हा माझा छंद. नवरा म्हणायचा, एकदा तुलाच आला पाहिजे अनुभव... आला. त्यात भुताखेताचं काही नव्हतं, पण कारण काही सापडत नाही.

मी नांदेडची. एका छोट्या कंपनीत नेटवर्कची कामं करते. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाची ही गोष्ट. लातूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मुख्य स्विचचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे — इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या आणि टेबलावरच्या फोनच्या वायरी जिथं येतात, ती पेटी. फोनला वीजसुद्धा त्याच वायरीतून मिळते. पेटी बंद, तर फोन बंद.

पेटीत दोन कार्डं असतात. एक काम करतं, दुसरं तयार बसतं. तयार बसलेल्यात आधी नवं सॉफ्टवेअर घालायचं, मग काम त्याच्याकडे सोपवून पहिलं नवं करायचं. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तरी तिथले मॅनेजर बिराजदार सर दोनदा म्हणाले होते, रविवारी करू. मीच ऐकलं नाही. म्हटलं, "सर, एक सेकंद पण बंद पडणार नाही."

स्विचची खोली रिसेप्शनच्या मागं होती. तिथला कूलर दोन महिने कोरडा. टँकरचं पाणी आधी ऑपरेशनला आणि बाळंतिणींना, ते बरोबरच होतं. कूलरच्या जागी एक टेबलफॅन गरम हवा इकडची तिकडं करत होता. ते बघून मी थांबायला पाहिजे होतं... थांबले नाही.

रिसेप्शनवर नजमा बाजी, कित्येक वर्षं त्याच खुर्चीत बसणाऱ्या. समोरच्या बाकावर देवणीकडचा एक माणूस. त्याच्या बायकोला आत बाळंतपणाला नेलेलं. उदगीर जिल्हा होणार, होणार असं किती दिवस ऐकून राहिलो, झाला असता तर एवढं लांब यावं लागलं नसतं, असं तो शेजाऱ्याला सांगत होता.

दुपारी तीनच्या सुमारास काम सुरू केलं. पहिली पायरी छान झाली. काम दुसऱ्या कार्डाकडे गेलं, कुणाला कळलंही नाही. मग पहिलं कार्ड नव्या सॉफ्टवेअरसाठी बंद करून चालू केलं. ते उठायला आठेक मिनिटं घेतं. आणि ते उठायला लागलं नाही तोच, उष्णतेनं दुसरं कार्ड बंद पडलं. पेटीवरचे सगळे दिवे गेले.

सगळ्यांना मोबाईल वापरा म्हणून सांगावं, या विचारानं मी बाहेर पळाले.

नजमा बाजी फोनवर बोलत होत्या.

मी त्यांच्या खुर्चीला लागून उभी होते. फोनचा स्क्रीन काळाठिक्कर. एक दिवा नाही. बाजी मात्र रिसीव्हर कानाला लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हाव सिस्टर, समजलं. मॅडम ओपीडीत हायेत, आत्ता पाठवते." रिसीव्हर ठेवून त्या स्वतः ओपीडीत गेल्या. दुसऱ्या क्षणाला डॉक्टर मॅडम पळतच लेबर रूमकडे. देवणीचा माणूस उभा राहिला तो उभाच.

मी म्हटलं, "बाजी, फोन तर बंद आहे."

त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. नुसती शांतता. "आत्ता तर बोलले की मी," एवढंच म्हणाल्या.

थोड्या वेळानं पहिलं कार्ड उठलं, सगळं सुरू झालं. देवणीच्या त्या माणसाच्या बायकोला अचानक रक्तस्राव सुरू झाला होता. मॅडम वेळेवर पोचल्या. संध्याकाळी आई आणि मुलगी दोघी ठीक होत्या. बापानं पेढे वाटले. मला घ्यायला लाज वाटत होती, पण तो मानेना. इतका गोड पेढा मी आजवर खाल्ला नाही.

लेबर रूमच्या सिस्टरला मी गाठलं. तिनं फोन उचलून बाजींना निरोप दिला होता, आणि बाजींचं उत्तर तिनं मला शब्दाला शब्द ऐकवलं. स्क्रीनवर उजेड होता का, विचारलं तर म्हणाली, "ते बघायला येळ कुठं होता ताई."

मी दुसऱ्या दिवशीही लातुरातच राहिले. फोनची प्रत्येक वायर शोधत गेले. जुनी, वेगळी लाईन कुठंच नाही. बाजींचा मोबाईल ड्रॉवरमध्ये होता, त्यावर त्या वेळचा फोन नाही. यंत्राच्या नोंदीत ती आठ मिनिटं कोरी आहेत. फोनमध्ये उरलेली वीज म्हणावं, तर ती क्षणभरही पुरत नाही. आणि पुरली तरी मधली पेटीच मेलेली होती.

बिराजदार सरांना मी सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, पुढच्या वेळी रविवारी.

नांदेडला येऊन रिपोर्ट लिहिला. पहिली ओळ — सेवा आठ मिनिटं पूर्ण बंद. दुसरी ओळ — या वेळात एक फोन झाला. आमच्या साहेबांनी दोन्ही ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि विचारलं, "नक्की?"

मी म्हटलं, "सर, मी शेजारी उभी होते."

त्यांनी सही केली. कारणाचा रकाना आम्ही दोघांनीही मोकळाच ठेवला.