मामांची प्रार्थना

आमचे मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. काम संपलं की लिफ्टच्या दोरावर हात ठेवून, डोळे मिटून प्रार्थना करायचे. पुढे पुढे पाना कमी चालायला लागला आणि प्रार्थना वाढली. देव काही दोर बदलायला येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

एका इमारतीत त्यांना दोराच्या तारा तुटायला लागलेल्या दिसल्या. दोर बदलायचा तर लिफ्ट बंद ठेवावी लागली असती. मामांनी त्या दिवशी जरा जास्त वेळ डोळे मिटले आणि लिफ्ट चालू करून दिली. पुढच्याच आठवड्यात ती कोसळली. आत वॉचमनची बायको होती. ती जागीच गेली.

मामा वॉचमनला भेटायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. मामा म्हणाले, "माझ्या मनात पाप नव्हतं रे. मी सगळं त्याच्यावर सोपवलं होतं. त्याचीच इच्छा, दुसरं काय."

वॉचमन हळूच म्हणाला, "मिस्त्री, त्या दिवशी लिफ्ट चालू करून दिलीत, आणि एवढी जड पिशवी घेऊन तुम्ही स्वतः जिन्याने का उतरलात?"