लेकीसाठी रिकामी केलेली दमणी

जीवरामभाऊंच्या तेराव्याला जेवून असोद्याच्या मंडळींनी हात धुतले आणि ते वाळण्याआधीच दमणीची गोष्ट काढली. मयताच्या ओसरीवर बसून मयतालाच नावे ठेवण्याची आमच्या लोकांची ही सवय मला किळसवाणी वाटते. म्हणून ती हकीकत लिहितो. जीवरामभाऊ माझे चुलतभाऊ. त्या प्रवासात मी त्यांच्यासोबत होतो.

१९१८ साली मानमोडीच्या तापाने घरेच्या घरे आडवी पडली होती. वरणगावी दिलेली त्यांची लेक सुगंधा हिचे दिवस भरत आले होते आणि पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे होते. रेल्वे जवळची, पण डब्याडब्यांतून खोकणाऱ्यांची दाटी. तेव्हा भाऊंनी घरची दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, जुंपली.

रेल्वेची भीती गावालाही होतीच. त्यात लेकीला आणायला गाडी रिकामी नेऊ नये आणि जागा मागणाऱ्याला नाही म्हणू नये, हा आमचा शिष्टाचार. नशिराबाद येईतो दमणीत पाय हलवायला जागा उरली नाही. भाऊबंदांतले वडीलधारे तोतारामनाना खाकरून गाडीतल्या गवतावरच थुंकत होते. पाण्याचा एकच तांब्या सर्वांच्या ओठांना लागून फिरत होता. ज्या गर्दीला भिऊन रेल्वे टाळली, ती गर्दी आमचे बैल ओढत होते. मी गावचा शाळामास्तर; तसे म्हणालो, तर मास्तरांना माणुसकी नाही असे ठरले. भाऊ मात्र त्या तांब्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुगंधा सासूच्या पाया पडून बाहेर आली, तेव्हा हीच मंडळी आधीच दमणीत ठाण मांडून बसलेली. भाऊंनी लेकीला उंबऱ्यावरच थांबवले.

"नाना, उतरा. तुमी सर्वे रेल्वेनं या. आज गाडीत मही लेकच बसन."

"वा रे जीवराम! मानमोडी काय गाडी पाहून येते? का तुही लेक राणी झाली?"

"राणी नाही, नाना. दोन जिवांची हाये."

नाना उतरले, पण जाताना चाकावर थुंकले. भाऊंनी सगळे गवत उपसून जाळले, तांब्या तिथेच टाकला आणि व्याह्यांकडून नवा कडबा घेऊन गाडीत अंथरला. मीही परत रेल्वेनेच आलो.

सुगंधा सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. बारशाला गावातून कोणी फिरकले नाही. पुढे भाऊ हयात असेपर्यंत त्यांच्या गाडीत कोणी बसले नाही आणि त्यांना कोणी आपल्या गाडीत घेतले नाही.

परवा तेराव्याला पंगतीत पाणी वाढत होता तो सुगंधाचा तोच मुलगा. त्याच्या हातचे पाणी पिऊन झाल्यावर मंडळी म्हणाली की, त्या दिवशी जीवरामने फार वाईट केले.