व्याह्यांच्या अणूची पैज

अणूवर आमच्या व्याह्यांचा जितका जीव, तितका आख्ख्या मुळशीत कुणाचा कशावर नसेल. माझ्या सुनेचे हे वडील. जन्मभर शाळेत रसायन शिकवलं आणि निवृत्त झाले, पण अणूंनी काही त्यांना सोडलं नाही. साखरपुड्याला लाडू दिला तर खायचा सोडून त्याचे अर्धे, अर्ध्याचे अर्धे करत बसले. "असं तोडत गेलं, की शेवटी जो तुटतच नाही तो अणू!" सगळी पंगत खोळंबली. आमची मंडळी माझ्या कानाशी म्हणाली, "अवो, लाडू खवट लागतोय का त्यास्नी?" पाणीसुद्धा सरळ प्यायचे नाहीत. तांब्या उंच धरून म्हणायचे, "धरणाचं घ्या नाहीतर विहिरीचं, हायड्रोजनचा एक वाटा तर ऑक्सिजनचे आठ! वजनाची वाटणी ठरलेली!"

मी तिसरीत शाळा सोडली. डोळ्याला दिसत नाही ते मी मानत नाही, आणि मला मानायला लावणारा अजून जन्मायचाय.

यंदा वैशाखात आम्ही राब भाजत होतो. भाताची रोपं जिथं करायची तिथं शेण, पालापाचोळा पसरून जाळायचा, ही आमची रीत. मी टोमणा मारला, "व्याही, येवढा ढीग हुता, मूठभर राख उरली. कुटं गेलं तुमचं अणू?"

"धुरात गेले! एकही मेला नाही!" ते बांधावर नाचायलाच लागले.

पैज लागली. बंद बरणीत पाला जाळायचा; वजन बदललं तर मी जिंकलो, तेवढंच राहिलं तर ते. मी हरलो तर पारावर उभं राहून अणू आहे म्हणायचं. ते हरले तर माझ्या घरात अणूचं नाव काढायचं नाही. त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांची जीभच मागितली. पण मागं हटले नाहीत.

काचेच्या बरणीत वाळका पाला घालून झाकण घट्ट लावलं. दुकानातून तागडी आणली, एका पारड्यात बरणी ठेवली, दुसऱ्या पारड्यात दगड आणि चिमूट-चिमूट वाळू टाकून काटा मधोमध आणला. मग बरणी उन्हात ठेवून बाहेरून भिंग धरलं. पाला आतल्या आत पेटला! धुरानं बरणी भरली! निम्मं गाव ओसरीवर ओरडत होतं. बरणी निवल्यावर पुन्हा पारड्यात ठेवली, आणि ते पारडं खाली गेलं.

"जळून वजन वाढलं! म्हातारा जितला!" गाव माझ्या नावानं ओरडलं.

व्याही काट्याकडंच बघत राहिले. माझी नजर मात्र झाकणावर गेली. आत अग्नी होऊन गेलेली वस्तू, म्हणून बरणी निवेपर्यंत आमच्या मंडळीनं ओलं हळदकुंकू लावून वर अक्षता चिकटवल्या होत्या. फुकटचं जिंकणं मला पचत नाही. मी उपरण्यानं झाकण लख्ख पुसलं.

काटा मधोमध.

"हाय बाबांनो, अणू हाय!" पारावर उभा राहून मी ओरडलो. लोक हसून हसून लोळले. व्याही तेवढे हसले नाहीत. माझा हात धरून म्हणाले, "पाव्हणं, इतकी वर्षं शिकवलं. पोरांनी पाठ केलं, पण भांडलं कुणी नाही."

आता ते मारुंजीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. परवा फोनवर आवाज अगदीच बारीक वाटला. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही हो. इथं सगळ्यांना अणू मान्य आहे."