फिकट झालाय ना?

"खरं सांगा ताई. फिकट झालाय ना?"

काउंटरशी उभं राहून बाई स्कार्फचे वेढे सोडायच्या, उजवा गाल माझ्यापुढे करायच्या आणि डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. बिबवेवाडीत माझं मेडिकलचं दुकान आहे. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली आणि मी गालाची परीक्षक.

"थोडा," मी म्हणायची.

"कालही थोडाच म्हणालात."

"डाग आहे तो बाई. रोज कमी व्हायला गच्चीवरची टाकी नाही."

बाईंची नोकरी विजेचे मीटर तपासायची. उभा जन्म भर दुपारी स्कूटरवरून गल्ल्या पालथ्या घातल्या. तोंडाला स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुली दिसल्या की म्हणायच्या, "या काय दरोडा घालायला निघाल्यात?" निवृत्तीच्या समारंभाचा फोटो हातात आला आणि गालावरचे डाग त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिले. चहाच्या रंगाचे, त्यातला एक चांगला रुपयाएवढा. आपण सगळ्यांनी असे चेहरे पाहिलेले असतात, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ते आपल्याला शोभूनही दिसतात. स्वतःच्या गालावर मात्र नको असतात.

कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी लिंबू चोळलं. दुसऱ्या दिवशी गाल लालबुंद. मी वैतागून म्हटलं, "लिंबू पोह्यांवर पिळायचं असतं." आणि त्यांना डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. तिथून रात्रीचं क्रीम, दिवसाचं सनस्क्रीन आणि उन्हात तोंड झाकायची ताकीद घेऊन त्या परतल्या. ज्या स्कार्फला जन्मभर नावं ठेवली, तोच आता गुंडाळायचा. वेळ लागेल आणि पूर्ण जाणार नाही, हेही त्यांना सांगितलेलं होतं. ते तेवढं बाईंनी ऐकलं नसावं.

आणि मग सकाळी टेकडीवर फिरताना एक सर भेटले. धायरीला राहणारे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले निवृत्त शिक्षक. इथे बहिणीकडे मुक्कामाला आले होते, तिथून टेकडीवर फिरायला यायचे. बाई स्कार्फमध्ये, सर कानटोपीत. दोघांच्या गप्पा रंगायला लागल्या. खाली उतरल्यावर सर रोज चहाला बोलवायचे आणि बाई रोज सांगायच्या, "मी चहा सोडलाय." चहा प्यायचा तर स्कार्फ खाली घ्यायला हवा ना. तिथून तडक माझ्या दुकानात येऊन दोन कप रिचवायच्या.

आईवडिलांचं करता करता बाईंचं लग्न राहून गेलं होतं. एक दिवस त्या गाल पुढे न करता नुसत्याच स्टुलावर बसल्या, तेव्हा मी चरकले. "सरांनी लग्नाचं विचारलंय," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझे डोळेच पाहिलेत हो. बाकीचं बघून नको म्हणाले तर? डाग अजून थोडे फिकट होऊ देत, मग सांगते." मला त्यांची माया आली, आणि माया आली की मी खेकसते. "उद्या त्यांना इथे घेऊन या. चहा मी मागवते."

दुसऱ्या दिवशी सर आले. समोर वाफाळता चहा. बाईंनी एकेक वेढा सोडला आणि सवयीने डोळे मिटले. सरांनी निरखून पाहिलं.

"एवढंच?" ते म्हणाले. "मला वाटलं, पुढचे दात नसतील."

बाईंनी डोळे उघडले. सरांनी कानटोपी काढली. टकलावर डागच डाग, बाईंच्या दुप्पट. "म्हणून मी टोपी काढत नव्हतो," ते म्हणाले, आणि कप बाईंच्या हातात दिला. बाई इतक्या हसल्या की अर्धा चहा बशीत गेला. गोळ्या घ्यायला आलेले आजोबाही हसायला लागले, कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

लग्न साधंच झालं. पांढरी साडी, बुद्धवंदना, हार आणि जेवण. फोटोग्राफर म्हणाला, चेहरा कॉम्प्युटरवर साफ करून देतो. बाई म्हणाल्या, "हात लावायचा नाही." क्रीम मात्र सोडलं नाही. सनस्क्रीनच्या आता दोन ट्यूब लागतात, एक गालाला, एक टकलाला.

त्या धायरीला गेल्या आणि माझ्या सकाळी रिकाम्या झाल्या. त्यांच्यासाठी टांगलेला आरसा अजून काउंटरशी आहे. परवा सहज त्यात पाहिलं, तर माझ्याच गालावर एक डाग. निरखला, पुसून पाहिला, जाईना. शेवटी फोन लावला.

"बाई, खरं सांगा, मला शोभेल का हो?"

पलीकडे कपबशी वाजली. "लिंबू पोह्यांवर पिळा," बाई म्हणाल्या, "आणि रविवारी चहाला या. बघून सांगते."