अनोळखी कान

टीचरचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गोव्याला बहिणीकडं गेल्या होत्या, इकडचं काही त्यांच्या कानावर गेलेलं न्हवतं. आवाज आनंदात होता. म्हणाल्या, "आप्पा, आक्कांना सांगा, परीक्षेचा दिवस ठरला. सकाळी पहिला नंबर त्यांचाच." मला गोड करून बोलता येत न्हाय. म्हणालो, "टीचर, शालन गेली. दिवसकार्य बी झालं." पलीकडं त्या रडायला लागल्या, आणि मीच त्यांची समजूत काढत बसलो.

शालन माझी बायको. परीक्षा पियानोची, विलायतेच्या बोर्डाची. साठी उलटलेल्या, निपाणीत जन्मभर विड्या वळलेल्या बाईला ही परीक्षा कशाला, असं लोक तेव्हा विचारायचे आणि भेटायला आले की आता बी विचारतात. म्हणून लिहायला बसलोय. मी चौथी शिकलेला. नात शुद्धलेखन बघते म्हणाली, तेवढं बघ म्हटलं, माझं बोलणं बदलू नकोस.

निपाणीत मी तंबाखूच्या वखारीत हमाल होतो. शालन दिवसभर विड्या वळायची आणि संध्याकाळी बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. शिकवलं कुणीच न्हाय, तिचा बाप वाजवायचा ते बघून बोटं बसली. आमच्याकडं भजनाची एक रीत हाय. समोर बसलेल्यानं मान हलवली की ओळ परत घ्यायची. पुन्हा हलली, पुन्हा घ्यायची. एकेका ओळीवर चहा गार व्हायचा. मान हलवूनही जो तसाच पुढं जाईल त्याला लोक शिष्ट म्हणायचे. मी मात्र कधी मान हलवली न्हाय. मला त्यातलं कळत न्हाय, आणि न कळता मान हलवणारी माणसं मला आवडत न्हायत.

पुढं लेकीनं आम्हाला बेळगावला, टिळकवाडीत आपल्या घरी आणलं. नातीला कॅम्पातल्या टीचरकडं पियानो शिकायला घातलं होतं, घरी सरावाला कीबोर्ड घेतला होता. नात दोन पावसाळ्यांत कंटाळली. कीबोर्ड चादरीखाली गेला. एक दिवस शालन चांगलं लुगडं नेसून एकटीच कॅम्पात गेली. टीचर म्हणाल्या, नातीला का न्हाय आणलं? ही म्हणाली, "नातीचं न्हाय, माझं बघा."

टीचर भल्या. पाच रेघांवरच्या काळ्या ठिपक्यांची ओळख त्यांनी हिला करून दिली, पोरांना बाराखडी शिकवावी तशी. उजव्या हाताची अडचण न्हवतीच. घोळ डाव्या हाताचा. जन्मभर त्या हातानं पेटीचा भाता मारलेला, तो पट्ट्यांवर ठरायचाच न्हाय, आपोआप मागं जाऊन वारा घालायला लागायचा. टीचर हसायच्या, ही त्या हातावर दुसऱ्या हातानं फटका मारायची आणि परत सुरू.

मग टीचरनी बोर्डाचं सांगितलं. तिथं वयाची अट न्हाय. परदेशातनं परीक्षक येतो, कॅम्पातल्या एका शाळेत बसतो. दार लावून एकेकाला ऐकतो. त्याला तुमचं गाव ठाऊक न्हाय, घर ठाऊक न्हाय, ऐकतो आणि मार्क देतो. हे शेवटचं शालनच्या डोक्यात घट्ट बसलं. मी म्हणालो, सायबाला झुणका-भाकरी घाल, पास करील. ती हसली न्हाय. म्हणाली, "मंडळातल्या बायका वा म्हणतात, त्या माझ्या मैतरणी. लेक म्हणती, ती लेकच. तुमी तर तोंडच उघडत न्हाय. मला खरंच येतंय का, ते एकदा अनोळखी कानाकडनं कळू दे. मग मरायला मोकळी."

परीक्षेदिवशी मी बाहेर बाकावर बसलो, सगळीकडं लहान पोरं आणि त्यांच्या आया. शालन बाहेर आली ती फुललेली. "लई जाणकार माणूस," म्हणाली. "मी वाजवलं, त्यानं मान हलवली. मी ओळ परत घेतली. परत हलवली, परत घेतली." टीचरनी कपाळाला हात लावला. तो सायेब येईल त्याला बघून मान हलवत होता, पोरांनी घाबरू नये म्हणून. चालू द्या, एवढाच त्याचा अर्थ.

नापास झाली. परीक्षकानं लिहिलं होतं ते टीचरनी वाचून दाखवलं. हात गोड आहे, पण जसं छापलं आहे तसंच वाजवायला हवं. शालन त्या दिवशी जेवली न्हाय. सकाळी उठून म्हणाली, परत बसणार.

आणि मग माझी नेमणूक झाली. रोज संध्याकाळी कीबोर्डासमोर खुर्ची टाकून मी बसायचं, सायेब व्हायचं आणि मान हलवायची. तिनं तिकडं बघायचं न्हाय, ओळ परत घ्यायची न्हाय, शेवटापर्यंत जायचं. मी नंदीबैलासारखा मान हलवत राहायचो. सुरुवातीला ती हमखास घसरायची, मान दिसली की बोटं ओळीच्या तोंडाशी परत. मग माझ्यावरच खेकसायची. "चाळीस वर्षं हलली न्हाय, आन आता बघा कशी हलतीया." मी म्हणायचो, तूच लावलंस कामाला, आता भोग. हळूहळू जमत गेलं. शेवटी शेवटी मी मान मोडेस्तोवर हलवली तरी ती सरळ पुढं जायची, शेवटचा स्वर दाबून धरायची, आणि मग माझ्याकडं बघायची.

एका सकाळी भाकरी थापता थापता खाली बसली... ती बसलीच. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं न्हवतं.

पास झाली असती का? टीचर फोनवर म्हणाल्या, नक्की झाली असती. पण टीचर ओळखीच्या, त्यांचं धरता येत न्हाय. लेक, नात, निपाणीच्या बायका, सगळ्या म्हणतात झाली असती. कुणाचंच धरता येत न्हाय. मी तर नवरा. हेच मला सलत होतं. मेली त्याचं दुःख वेगळं, हे वेगळं.

गेल्या आठवड्यात खाली भाजीच्या गाडीपाशी एक माणूस भेटला. मागच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहतो, मिलिटरीतला, हुबळीकडचा. कधी बोलणं न्हवतं. मोडक्या मराठीत म्हणाला, "अज्जा, तुमच्याकडं ती लहान पोरगी पियानो शिकत होती, आता वाजवत न्हाय? आमच्या गॅलरीत ऐकायला येत होतं. आधी सारखी मागं मागं जायची. नंतर लई सुधारली."

शालन गेली हे मी त्याला लगेच सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर त्यानं दयेपोटी बरं म्हटलं असतं. मी विचारलं, "ती परीक्षेला बसणार होती. तुमी परीक्षक असता तर काय केलं असतं? पास का नापास? खरं सांगा."

त्यानं हातातली मेथीची जुडी पिशवीत टाकली, जरा विचार केला. "पासच की," म्हणाला. "डावा हात थोडा कच्चा होता. पण पास."

डाव्या हाताचं त्यानं बरोबर धरलं. म्हणजे नीट ऐकलं होतं. मग मी त्याला सांगितलं, पोरगी न्हवती, माझी बायको होती, आणि आता न्हाय.

भाजी न घेताच वर आलो. खुर्ची अजून तिथंच हाय, कीबोर्डासमोर. लेक हलवू म्हणत होती, मी हलवू दिली न्हाय. बसलो. म्हणालो, "ऐकलंस का गं? तुला ओळखत बी न्हाय तो."