पंपापुरती वीज

"अगं, एकच मोठा घेऊ म्हणतोय तर ऐकत का नाहीस? एक डबा, एक ॲप, एक वॉरंटी. विषय संपला," राकेश तिसऱ्यांदा म्हणाला.

"आणि तो डबाच बंद पडला की?" उपासनाने विचारलं.

"नवा आहे यार! लगेच कशाला बंद पडेल?"

ताटातलं निवून गेलं होतं. अमेरिकेतल्या चँडलर शहरातलं अपार्टमेंट सोडून गावाबाहेरच्या वाळवंटातल्या घरात जायला महिनाच उरला होता. त्या घरापर्यंत विजेची तारच नव्हती. छतावर सोलर बसलं होतं, बॅटऱ्या आल्या होत्या. बॅटरीतली वीज घरात वापरण्याजोगी करून देणारा इन्व्हर्टर तेवढा ठरायचा होता, आणि बसवणाऱ्याला आजच उत्तर हवं होतं.

राकेशच्या डोक्यातला इन्व्हर्टर अजून नागपूरचा होता. लाइट गेले की पंखा चालवायचा, लाइट आले की कोपऱ्यात गप्प बसायचं. इथे लाइट येणारच नाहीत हे तो मान्य करायचा आणि दोन वाक्यांनंतर विसरायचा.

उपासनाला विसरता येत नव्हतं. नागपुरात इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्यांत अभ्यास करून ती इथल्या कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत आली होती. तिथे थंड पाण्याच्या पंपाशेजारी दुसरा पंप तयार उभा असतो. पहिला थांबला तरी कुणाची धावपळ होत नाही. घरातही तिला तेच हवं होतं. लहान दोन इन्व्हर्टर, जोडीने चालणारे, पण वेळ आली तर घराला पाणी देणारा बोअरचा पंप एकट्यालाही ओढता येईल एवढे दमदार. पंप सुरू होताना क्षणभर किती जास्त वीज ओढतो, हे तिने बसवणाऱ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

"एकट्यावर एसी नाही चालणार," राकेश म्हणाला.

"नको चालू दे. दुसरा दुरुस्त होईतो घाम गाळू. नळाला पाणी तर येईल."

"नो एसी? इन जुलै?" त्यांच्या मुलीने, रुहीने, फोनमधून डोकं वर काढलं. "आय ॲम मूव्हिंग इन विथ वल्लरी."

"जा की मैत्रिणीकडे. तिथे तिच्या आईला भांडी घासून दे," उपासना म्हणाली.

राकेशला हसू आलं. त्या भरात तो बोलून गेला, "बरं, पडला बंद समज. दोन मैलांवर शेजारी आहेत, चांगले लोक आहेत. चार दिवस कॅन घेऊन जायचं, पाणी मागून आणायचं. त्यात काय एवढं?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या गिरजाबाईंचा हात भाकरीवरच थांबला. राकेशच्या आईचं लहानपण गावच्या विहिरीपासून लांब, घागर जमिनीवर ठेवून, कुणीतरी वरून पाणी ओतेल याची वाट बघण्यात गेलं होतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. राकेशला तर सगळ्यात आधी.

"इथले लोक तसे नाहीत, आई," तो चाचरत म्हणाला.

"नसतील रे. पण तुम्ही दोघं दिवसभर ड्यूटीवर, पोरगी शाळेत. मला गाडी येत नाही. मग मी घागर घेऊन चालत जाऊ?"

राकेशने टेबलावरचा उपासनाचा फोन तिच्याकडे सरकवला.

उपासनाने फोन ओढला, बसवणाऱ्याला मेसेज टाकला आणि फोन पालथा ठेवला.

"दोन सांगितलेत. एक बंद पडला तर एसीशिवाय पंख्याखाली बसायचं. पाणी मागायला या घरातून कुणीही जाणार नाही. जेवा आता."