साहेबांनी वाचलेला राजीनामा

कोकणात लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये आहे, दहा वर्षं होत आली. सकाळी खेडला कंपनीची बस धरायची, दिवसभर नमुने तपासायचे, संध्याकाळी परत. लॅबमध्ये एक काचेचं मोठं कपाट आहे. वाफा सुटणारी सगळी कामं त्यातच करायची, कारण त्याच्यावरचा पंखा त्या वाफा ओढून बाहेर टाकतो. गेल्या वर्षी ऐन ऑक्टोबरात तो पंखा बंद पडला. खिडक्या उघडल्या की ऊन आत यायचं, वास मात्र बाहेर जायला तयार नसायचा. मी घरी पोचले की आई दारातच सांगायची, "आधी आंघोळ, मग चहा."

प्लँटचे साहेब सांगलीकडचे. माणूस वाईट नव्हता, पण मेलबद्दल विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "मला काही मिळालं नाही बघा." म्हणून या वेळी मी मेलच्या सेटिंगमधला एक चौकोन शोधून काढला आणि त्यात टिक केली. आता साहेबांनी मेल उघडला की मला वाचल्याची पावती येणार होती. पंख्याचा मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजून सात मिनिटांनी पावती आली: तुमचा मेल वाचला गेला. मला पेपरात नंबर आल्यासारखा आनंद झाला. आठवडाभर वाट पाहिली, उत्तर नाही. दुसरा मेल केला, पावती आली. तिसरा केला, त्याचीही आली. मिळालाच नाही म्हणाले असते तर चाललं असतं. तीन तीन वेळा वाचून माणूस गप्प कसा बसतो, याने माझं डोकं फिरलं.

चौथा मेल राजीनाम्याचा. सोमवारी सकाळी बसमधून उतरले ती सरळ खुर्चीत बसून लिहिला. तीन ओळी. पाठवला आणि पाणी प्यायला बाटलीचं झाकण फिरवते तोवर पावती हजर. वाचला गेला.

मला वाटलं होतं, भीती वाटेल. झालं उलटंच. पाय जमिनीला लागेनात. नोटिशीचा एक महिना आणि मग मी मोकळी. पुढे काय करणार, याचा पत्ता नव्हता, तरी मी ड्रॉवर आवरायला घेतला. स्टेपलर स्टोअरच्या माणसाला देऊन टाकला. त्याला वाटलं, उसना दिलाय. म्हणाला, "उद्या आणून देतो." मी म्हटलं, "जन्मभर ठेव."

दहाच्या मीटिंगला साहेबांनी रोजच्यासारखं विचारलं, "मॅडम, रिपोर्ट अर्ध्या तासात मिळेल?" रोज मी "बघते साहेब" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "नाही मिळणार. त्या तपासणीला दोन तास लागतात. गेली नऊ वर्षं दोनच तास लागतायत." मग साहेबांनी कोकणी माणसावरचा आपला तो विनोद काढला. मी म्हटलं, "हा मागच्या सोमवारी सांगितलात." साहेबांच्या केबिनबाहेर बसणाऱ्या ताई मीटिंगचं टिपण घेत होत्या. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, कधी आवाज न चढवणारी बाई. त्यांचं पेन थांबलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. मी मनात म्हटलं, जाणाऱ्या माणसाचं सगळं गोड लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं की मी म्हणायचे, "कळेल." ड्रायव्हरने दोन घेतले आणि मला मुलगा होऊ दे, असा आशीर्वाद दिला. माझं लग्न झालेलं नाही.

दुपारी साहेब स्वतः लॅबमध्ये आले. नऊ वर्षांत दुसऱ्यांदा. म्हणाले, "काल तुम्ही बोलला, बरं वाटलं. असं स्पष्ट बोलणारी माणसं पाहिजेत."

मी विचारलं, "साहेब, माझा मेल वाचलात ना?"

"वाचला की."

"मग?"

"चांगला आहे. मुद्देसूद."

राजीनाम्याला मुद्देसूद म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. "मग मंजूर धरू?"

"धरा की. याच आठवड्यात करून टाकू. आणि हो, जानेवारीच्या ट्रेनिंगला तुमचं नाव घालतोय. पुढच्या वर्षीचं लॅबचं सगळं तुम्हीच बघायचं."

साहेब गेले. मी हातात नमुन्याची बाटली धरून उभीच. मग बाटली ठेवली आणि ताईंकडे गेले. साहेब जेवायला गेले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "ताई, मला वाचल्याची पावती आलीय. ती खोटी आहे का?"

ताईंनी चष्मा काढून पुसला. "खोटी नाही गो. वाचलाय ना. मी वाचलाय."

साहेब फक्त फोनवर मेल बघतात, तेही मुंबई ऑफिसचे. बाकीचे रोज सकाळी ताई त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडतात, कामाचे छापतात आणि सहीच्या फायलीत लावतात. त्यांनी फाईल उघडून दाखवली. पंख्याचे माझे तिन्ही मेल त्यात होते आणि तिन्हींखाली साहेबांची लफ्फेदार सही, तारखेसकट.

"सही केलीय म्हणजे वाचले असणार," मी म्हटलं.

"सही करताना ते फोनवर असतात."

"आणि राजीनामा?"

"तो नाही छापला."

"का?"

"सोमवारी लिहिलेलास. म्हटलं, बुधवारपर्यंत राहू दे. मीही एकदा रागाने कागद दिला होता. तेव्हाचे साहेब सगळं वाचायचे. पाच मिनिटांत मंजूर केला त्यांनी. परत कामावर घेईपर्यंत मी आठ महिने घरी बसले."

मला आधी राग आला. माझा राजीनामा दीड दिवस हिच्याकडे पडून आणि मी गावभर पेढे वाटतेय. मग साहेबांचं ते "मुद्देसूद" आठवलं आणि जे हसू सुटलं ते आवरेना. ताईंनी उठून दार लोटलं आणि त्याही हसायला लागल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता काय करू? छापू?"

मी म्हटलं, "आधी पंख्याचं बघू."

साहेब जेवून आल्यावर आम्ही दोघी आत गेलो. ताईंनी तीन कागद समोर ठेवले आणि म्हणाल्या, "साहेब, फोन जरा इकडे द्या आणि हे मोठ्याने वाचा." साहेबांनी मुकाट्याने फोन दिला. तिसऱ्या कागदाला त्यांचा आवाज उतरला. "मॅडम, हे तर गंभीर आहे. आधी नाही का सांगायचं?" ताईंनी त्यांच्याच सहीवर बोट ठेवलं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तिथल्या तिथे मेंटेनन्सला फोन लावला. गुरुवारी नवीन मोटर बसली आणि त्या संध्याकाळी आईने मला आंघोळीआधी चहा दिला.

शुक्रवारी मी ताईंना म्हटलं, "तो काढून टाका." त्यांनी माझा राजीनामा 'न वाचलेला' अशी खूण करून काढून टाकला. मी जागेवर परत येते तो पावती: तुमचा मेल न वाचताच काढून टाकण्यात आला. सोमवारची पावती तिच्या खालीच होती. मी दोन्ही छापून ताईंना दाखवल्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता नंतरचीच पावती खरी. मी तो वाचलाच नाही."

एप्रिलमध्ये साहेबांची गुजरातला बदली झाली. निरोपाच्या जेवणाला त्यांनी भाषण केलं. म्हणाले, "मला एका गोष्टीचा अभिमान आहे. माझ्या काळात लॅबमधून एकानेही राजीनामा दिला नाही." माझ्या शेजारी ताई सोलकढी पीत होत्या. त्यांना असा ठसका लागला की मी त्यांची पाठ चोळत बसले. साहेबांनी भाषण थांबवलं, घाईघाईने आले आणि स्वतःच्या हाताने त्यांना पाण्याचा ग्लास दिला.